एकाच खोक्यातले दोन बोर्ड: गिरगावातल्या पाच प्लेअरवर रॉकबॉक्स

गिरगावातल्या एका गायनवर्गाकडे एकाच मॉडेलचे पाच पोर्टेबल प्लेअर आहेत. तीन आधीचे, दोन नंतरचे. पाचही लॅमिंग्टन रोडवरून आणलेले. बाहेरून सगळे सारखे: तीच काच, तेच चाक, तळाला तोच छापील मजकूर. आधीच्या तिघांवर रॉकबॉक्स, म्हणजे कंपनीच्या फर्मवेअरऐवजी (प्लेअर चालवणाऱ्या आतल्या सॉफ्टवेअरऐवजी) घालायचे मुक्त सॉफ्टवेअर, नीट चालत होते. नंतरच्या दोघांपैकी एकावर तोच बूटलोडर (सुरू होताच चालणारा, पुढचे सॉफ्टवेअर उभे करणारा छोटा प्रोग्राम) थेट चढवला गेला. बॅकलाइट लागला, पडदा मात्र कोराच राहिला, आणि कंपनीचे फर्मवेअरही सुरू होईना. दुसरा नग सुदैवाने कोणी हात न लावता तसाच ठेवला होता. पुढचे सगळे काम त्या न बिघडवलेल्या नगामुळेच जमले.

गायनवर्गाला रॉकबॉक्सच का हवे, याला कारण आहे. कंपनीच्या फर्मवेअरमध्ये विलंबित आणि द्रुत हे एकाच ध्वनिमुद्रणाचे दोन ट्रॅक असले की मध्ये खाच पडते. रॉकबॉक्स ती पडू देत नाही. त्याहून महत्त्वाची सोय म्हणजे पट्टी बदलणे. पिच स्क्रीनमध्ये सेमिटोनच्या (अर्ध्या स्वराच्या) पायऱ्यांनी पट्टी वर-खाली करता येते, आणि टाइमस्ट्रेच चालू असेल तर लय तशीच ठेवून करता येते. काळी एकमधले ध्वनिमुद्रण पांढरी दोनमध्ये नेऊन विद्यार्थ्याला सोबत गाता येते. दोन-तीन सेमिटोनपर्यंत आवाज बरा राहतो. त्यापुढे तानपुऱ्याच्या तारेला पत्र्याचा खडखडाट येतो.

रॉकबॉक्स हा प्रकल्प २००१ मध्ये आर्कोसच्या हार्डडिस्क प्लेअरसाठी सुरू झाला. परवाना जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याचा. इथल्या प्लेअरमध्ये इन्जेनिकची एक्स१००० चिप आहे: मिप्स जातीचा एक गाभा, सुमारे १ गिगाहर्ट्झ, आणि त्याच पाकिटात ३२ एमबी रॅम. याच चिपवरच्या फीओ एम३के, शानलिंग क्यू१ आणि ईरॉस क्यू या प्लेअरची पोर्ट (त्या त्या यंत्रासाठी जुळवलेल्या आवृत्त्या) रॉकबॉक्सच्या मूळ कोडमध्ये आहेत. त्यामुळे चिपचा जम आधीच बसलेला होता. घड्याळे (चिपांना ताल देणारे स्पंद), डीएमए (प्रोसेसरला न गुंतवता डेटा हलवणारा भाग), एसडी कार्ड, यूएसबी यांना हात लावायचा नव्हता. प्रश्न फक्त बोर्डाचा होता.

उघडल्यावर काय दिसले

मागची काच चिकटवलेली असते. हेअर ड्रायरने दोन मिनिटे ऊब देऊन गिटारची प्लॅस्टिकची नखी फिरवली की ती सुटते. धातूचे पाते वापरले तर कडेची रिबन (चपटी केबल) कापली जाते. सर्वांत आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. मग जुना आणि नवा बोर्ड शेजारी ठेवून, भिंगाखाली एकेका चिपवरचे अक्षर वाचून दोन रकाने भरायचे.

एसओसी (मुख्य चिप, एक्स१०००) तीच, पॉवरची चिप तीच, नँड (फर्मवेअर साठवणारी मेमरी) हीही तीच. फरक दोन ठिकाणी निघाला. डॅकच्या (आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपच्या) जागी जुन्यात २० पायांची लांबट पीसीएम५१०२ए होती, नव्यात २८ पॅडची चौकोनी ईएस९०१८के२एम. आणि डिस्प्लेच्या रिबनवरचा छापील क्रमांक वेगळा होता. डिस्प्लेचा कंट्रोलर काचेवरच बसवलेला असतो आणि त्यावर नाव नसते, त्यामुळे तो कोणता हे डोळ्यांनी कळत नाही.

अशा वेळी बदल एकच असेल असे धरून चालणे महागात पडते. कोरा पडदा समोर दिसतो, मुका डॅक दिसत नाही. पडदा सुटल्यावर आवाज आला नसता, तर तो दोष आपल्याच नव्या कोडमध्ये शोधत बसण्याची पाळी आली असती.

डेड नग जिवंत करणे

एक्स१००० च्या आत कायमस्वरूपी कोरलेला बूट रॉम आहे. नँडमध्ये काहीही बिघडले तरी तो बिघडत नाही. ठरावीक बटण दाबून ठेवून केबल लावली की चिप यूएसबी बूटमध्ये जाते आणि संगणकाला ए१०८:१००० या ओळखीने दिसते. दिसली नाही तर आधी केबल बदलावी. स्टेशनबाहेरच्या टपरीवरच्या स्वस्त केबलीत पुष्कळदा फक्त चार्जिंगच्या दोन तारा असतात. हबही मध्ये नको. विंडोजवर झॅडिग वापरून त्या उपकरणाला विनयूएसबी ड्रायव्हर द्यावा लागतो. लिनक्सवर यूडेव्हचा (उपकरणांच्या परवानग्या ठरवणाऱ्या यंत्रणेचा) नियम लिहावा लागतो, नाहीतर परवानगी नाकारली जाते.

या अवस्थेत रॅम सुरूच झालेली नसते. चिपच्या पोटात १६ किलोबाइटची छोटी मेमरी आहे, तिच्यातले पहिले ४ सोडून उरलेल्या १२ मध्ये पहिला टप्पा बसवावा लागतो. तो रॅम जागी करतो, मग खरा बूटलोडर रॅममध्ये जातो. रॉकबॉक्सचे जेझेडटूल हे सगळे एका आज्ञेत करते. मुख्य म्हणजे हे सगळे रॅममध्ये घडते, नँडला स्पर्श होत नाही. बॅटरी काढली की सगळे पुसले जाते. नवीन बोर्डावरचा प्रत्येक प्रयोग याच वाटेने करायचा हा नियम पाळला असता तर पहिला नग डेड झालाच नसता.

पहिले काम प्रतीचे. बूटलोडरच्या रिकव्हरी मेनूत बॅकअपची सोय आहे, पण पडदाच कोरा. मेनू आत चालूच असतो. म्हणून जुना, पडदा दिसणारा नग शेजारी ठेवून त्यावर जी बटणे, तीच नव्यावर आंधळेपणाने दाबता येतात. धोका असा की ‘बॅकअप’ आणि ‘इन्स्टॉल’ या ओळी शेजारीशेजारी आहेत. एक दाब कमी-जास्त झाला की नँडवर लिहिले जाते. म्हणून चाचणीचा बूटलोडर बांधताना लिहिणाऱ्या ओळी मेनूतून काढूनच टाकल्या. काय चालले आहे ते कळावे म्हणून बॅकलाइट कामी आला: काम झाले की दोन उघडझाप, चूक आली की पाच.

मेनूतला बॅकअप फक्त बूटचा भाग घेतो. पॅनलची (पडद्याची) माहिती कर्नलमध्ये, म्हणजे कंपनीच्या सॉफ्टवेअरच्या गाभ्यात, असल्याने पूर्ण नँड हवी होती. पान २०४८ बाइटचे, ६४ पानांचा एक ब्लॉक, १०२४ ब्लॉक, म्हणजे १२८ एमबी. रॉकबॉक्सच्या नँड ड्रायव्हरवर छोटा लूप लिहून सगळे एसडी कार्डावर उतरवले. दोनदा उतरवून दोन्ही प्रतींचे चेकसम (सगळ्या बाइटवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवले. जुळले नाहीत तर बहुधा बॅटरी अर्धवट असते किंवा कार्ड हलके असते. न जुळलेल्या प्रतीवर पुढचे एकही पाऊल टाकू नये.

पडद्याचा पाढा

डिस्प्लेला सुरुवातीला आज्ञांची एक यादी द्यावी लागते. ११ (हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाचा आकडा) म्हणजे जागा हो, ३ए म्हणजे रंग किती बिटांचे, ३६ म्हणजे दिशा, २९ म्हणजे दाखव. या आज्ञा बहुतेक कंट्रोलरमध्ये सारख्या असतात. बी० पासून पुढच्या मात्र ज्याच्या त्याच्या. बी१ ही आज्ञा आयएलआय९३४१ या कंट्रोलरला चौकटींचा वेग सांगते, तर एसटी७७८९ या दुसऱ्याला तीच आरजीबी जोडणीबद्दल काहीतरी सांगते. एका कंट्रोलरसाठी लिहिलेला पाढा दुसऱ्यापुढे म्हटला की त्यातले निम्मे शब्द भलत्याच अर्थाने ऐकले जातात.

खरा पाढा दोन वाटांनी मिळवला आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहिली.

पहिली वाट सॉफ्टवेअरची. कंपनीचे फर्मवेअर लिनक्सवर आहे. नँडच्या प्रतीत कर्नलच्या हेडरची २७०५१९५६ ही खूण शोधली, पुढचा भाग सुटा करून गिड्रा या मशीन कोड उलगडणाऱ्या साधनात मिप्स, लिटल एंडियन (खालचा बाइट आधी) म्हणून उघडला. बोर्डावर सीरियल पोर्टचे तीन पॅड होते. मल्टिमीटरने व्होल्टेज मोजून ते ३.३ असल्याची खात्री केली आणि मगच ३.३ व्होल्टचा यूएसबी-सीरियल अडॅप्टर जोडला. वेग सेकंदाला ११५२०० बिट. हात न लावलेल्या नगाच्या बूट लॉगमध्ये पॅनलच्या ड्रायव्हरचे नाव मिळाले आणि त्या नावाने गिड्रात आज्ञांचा तक्ता सापडला. तक्ते दोन होते, जुन्या आणि नव्या पॅनलचे. म्हणजे कारखान्यालाही दोन्ही सांभाळावे लागत होते.

दुसरी वाट तारेची. रिबनच्या कनेक्टरचे पॅड अर्ध्या मिलिमीटरवर असतात. त्यांना ०.१ मिलिमीटरची एनॅमल तार लावायची. ८ वाहिन्यांचा, २४ मेगाहर्ट्झचा साधा लॉजिक अ‍ॅनलायझर (तारांवरचे ० आणि १ टिपणारे यंत्र) होता, आणि लागणार होत्या दहा वाहिन्या: डेटाच्या आठ, शिवाय लिहिण्याची आणि आज्ञा-डेटा ओळखण्याची. म्हणून दोन फेऱ्या केल्या. पहिल्यात दोन्ही नियंत्रण तारा आणि खालचे सहा बिट, दुसऱ्यात त्याच नियंत्रण तारा आणि वरचे दोन बिट. मग क्रमाने जोडले. पिक्सेल इतक्या वेगाने जातात की काही निसटतात, पण आपल्याला सुरुवातीचा पाढाच हवा असतो आणि तो सावकाश जातो. काही निसटले का हे तपासायची सोपी युक्ती: २ए या आज्ञेमागे बरोबर चार बाइट असतात. तीन दिसले तर फेरी रद्द.

गॅमाच्या (उजेडाच्या छटांच्या) ई० आणि ई१ या आज्ञांमागे प्रत्येकी १४ बाइट आले. आयएलआय९३४१ मध्ये ते १५ असतात, एसटी७७८९ मध्ये १४. घराणे कळले. तक्ता आणि तारेवरचे वाचन तंतोतंत जुळल्यावरच कोड लिहायला घेतला.

पावसाळ्यात हे काम करताना एक नड येते. फ्लक्स (डाख देताना लावायचे द्रव्य) नीट पुसले नाही तर दमट हवेत पॅडांमध्ये किंचित वीज झिरपते आणि अ‍ॅनलायझरला भुताटकीचे बिट दिसतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश, मग दिव्याखाली अर्धा तास. मुंबईत जुलैमध्ये हा अर्धा तास वाचवू नये.

नवा पाढा घालून बूटलोडर रॅममध्ये सोडला आणि चित्र आले, पण फोटोच्या निगेटिव्हसारखे. आयपीएस पॅनलला बहुधा २१ ही उलट करण्याची आज्ञा लागते आणि ती तक्त्यात वेगळ्या फंक्शनमध्ये होती. ती घातल्यावर लाल आणि निळा अदलाबदल झालेले दिसले. ३६ मधला एक बिट. मग चित्र आरशातल्यासारखे. त्याच आज्ञेतला दुसरा बिट. या तिन्ही चुका सुखाच्या, कारण दिसल्या की कारण कळते.

दुःखाची चूक निराळी होती. घरी सगळे चालायचे आणि खिशातून बाहेर काढले की कधीकधी पडदा पांढरा. एसटी७७८९ ला ‘जागा हो’ म्हटल्यावर ५ मिलिसेकंद दुसरी आज्ञा देता येत नाही, आणि ‘झोप’ म्हणायचे असेल तर १२० मिलिसेकंद थांबावे लागते. टेबलावर कोणी इतक्या घाईने बटण दाबत नाही. चर्चगेट लोकलच्या गर्दीत, खिशात, बटण आपोआप दोनदा दाबले जाते. ड्रायव्हरमध्ये शेवटच्या जागरणाची वेळ नोंदवून उरलेले मिलिसेकंद थांबण्याची तजवीज केल्यावर प्रश्न मिटला.

आणखी एक सापळा. कंपनीचे फर्मवेअर चालवून, बंद न करता लगेच रीसेट करून आपला बूटलोडर घातला, तर पॅनल आधीच तयार असते आणि चुकीचा पाढाही बरोबर वाटतो. प्रत्येक चाचणी बॅटरी सोडवून, दहा सेकंद थांबून, थंड सुरुवातीने करावी.

आवाज

पीसीएम५१०२ए ला आयटूसी (चिपला आज्ञा देण्याची दोन तारांची जोडणी) नाही. तिच्या पायांवरच सगळे ठरलेले असते, आवाजाची पातळीही तिच्यात बदलता येत नाही. त्यामुळे जुन्या पोर्टमध्ये व्हॉल्यूम पूर्णपणे सॉफ्टवेअरमध्ये होता. ईएस९०१८के२एम ला आयटूसी आहे, इथे पत्ता ४८ (हेक्स). यातूनच ओळखण्याची युक्ती निघाली: सुरू होताना त्या पत्त्यावर हाक मारायची. ओ आली तर नवा डॅक, नाही तर जुना. बाहेरून कोणाला काही निवडावे लागत नाही.

नव्या डॅकमध्ये अर्ध्या डेसिबलच्या पायऱ्यांचा स्वतःचा व्हॉल्यूम आहे. तो वापरला आणि सॉफ्टवेअरचाही तसाच राहिला, तर आवाज दोनदा कापला जातो आणि −२० वर ठेवलेला प्लेअर −४० सारखा वाजतो. पाचही नगांवर एकच आकडा एकाच मोठेपणाने वाजावा म्हणून नव्या बोर्डावर सॉफ्टवेअरचा व्हॉल्यूम ० डेसिबलवर बांधून डॅकचा वापरला.

पहिल्या आवाजाला कानात इअरफोन घालायचा नाही. असा डॅक पूर्ण मोठेपणाला सुमारे २ व्होल्ट देतो आणि पहिल्या प्रयत्नात व्हॉल्यूमचा रजिस्टर (चिपमधला आकडा ठेवायचा कप्पा) चुकलेला असण्याची शक्यता बरीच असते. जॅकला ३३ ओहमचे रेझिस्टर लावून मल्टिमीटरच्या एसी श्रेणीवर मोजावे, मग स्वस्त इअरफोन टेबलावर ठेवून ऐकावे, आणि सगळ्यात शेवटी कानात घालावे.

घड्याळाची चूक यंत्रापेक्षा कान लवकर पकडतो. ४४.१ किलोहर्ट्झची फाइल ४८ च्या घड्याळावर वाजली तर स्वर ८.८ टक्क्यांनी चढतो, म्हणजे जवळजवळ दीड सेमिटोन. काळी एकचा तानपुरा पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मध्ये कुठेतरी लागतो, कुठल्याच पट्टीत बसत नाही. हाताशी पेटी असेल तर चाचणी दहा सेकंदांची. ४४.१, ४८ आणि ९६ या तिन्ही दरांच्या एकाच तानपुऱ्याच्या फाइली कार्डावर ठेवल्या आणि पेटीशी लावून पाहिल्या. पहिल्या खेपेला ४८ बरोबर, ४४.१ चढा. घड्याळाच्या भागाकाराचा आकडा एकाच कुटुंबासाठी, ४८ आणि ९६ साठी, लिहिला गेला होता.

सुरू-बंद होताना येणारी ‘टक’ क्रमाने जाते: आधी म्यूट, मग घड्याळ, थोडा वेळ, मग म्यूट काढणे. बंद करताना हेच उलटे.

दोन बोर्ड, एक कोड

डॅक स्वतःची ओळख देतो, पडदा देत नाही. कंट्रोलरचा ओळख क्रमांक वाचायला वाचनाची तार लागते आणि या बोर्डावर ती जोडलेलीच नाही. म्हणून पॅनलचा प्रकार बूटलोडर बांधतानाच ठरवला आणि बूटलोडरने तो आकडा मुख्य रॉकबॉक्सला सुपूर्त करावा असे केले. त्यामुळे कार्डावरचे रॉकबॉक्स पाचही नगांना एकच, फक्त बूटलोडर दोन. वर्गात कार्डे एकमेकांत फिरतात, तेव्हा ही सोय चैनीची नाही. चुकीचा बूटलोडर चढू नये म्हणून प्रत्येक प्लेअरच्या मागच्या काचेच्या आत कायम शाईने ‘जु’ किंवा ‘न’ लिहून ठेवले.

चाक आणि बटणे दोन्ही बोर्डांवर सारखी निघाली. तिथे काही करावे लागले नाही.

बांधणी नेहमीची: रॉकबॉक्सडेव्ह स्क्रिप्टमध्ये मिप्सचा पर्याय घेऊन कंपायलर तयार करायचा, वेगळ्या फोल्डरमध्ये कॉन्फिगर चालवून एकदा बूटलोडर आणि एकदा नेहमीचा बिल्ड, मग झिप करून कार्डाच्या मुळाशी उलगडायची. कार्ड एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेले हवे. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डे दुकानातून एक्सफॅट होऊन येतात आणि रॉकबॉक्सला ती दिसत नाहीत. विंडोजचा नेहमीचा फॉरमॅट ३२ जीबीपुढे एफएटी३२ करू देत नाही, त्यासाठी वेगळे साधन लागते. ‘पोर्ट चालत नाही’ म्हणून आलेल्या तक्रारींत हे कार्डच पुष्कळदा आरोपी असते.

गाण्यांची नावे देवनागरीत ठेवली तर युनिफॉन्ट हा फॉन्ट बसवून अक्षरे दिसतात, पण रॉकबॉक्सला आपली अक्षरे जुळवता येत नाहीत. पहिली वेलांटी व्यंजनाआधी न येता त्याच्यानंतर बसते, जोडाक्षरे हलंतासकट सुटी पडतात. ‘विलंबित’ वाचताना विद्यार्थी अडखळतात. वर्गाने फाइलींची नावे रोमन लिपीत ठेवणे पत्करले. हे पोर्टचे काम नव्हे, मूळ प्रकल्पातच अक्षरजुळणीचे इंजिन घालण्याचे आहे, आणि ते छोटे नाही.

बॅटरी आणि चढवणे

बॅटरीची टक्केवारी व्होल्टेजवरून काढली जाते. कोडमध्ये ० ते १०० पर्यंत दहा-दहाच्या अंतराने ११ आकडे द्यायचे असतात. नव्या नगांवर जुने आकडे ठेवून पाहिले, तर ३० टक्क्यांवरून प्लेअर थेट बंद पडला. पूर्ण चार्ज करून बॅटरी बेंच हे प्लगइन चालू ठेवले आणि नेहमीच्या मोठेपणाला, इअरफोन लावून, बंद पडेपर्यंत वाजू दिले. इअरफोन न लावता मोजले तर आकडे फसवे येतात, कारण अ‍ॅम्प्लिफायरला भारच नसतो. नोंदींच्या फाइलीतून अकरा बिंदू काढून तक्त्यात भरले. दोन्ही नगांवर स्वतंत्र मोजणी केली.

नँडवर लिहिण्याची पाळी सर्वांत शेवटी आली. त्याआधी रॅममधून सोडलेल्या बूटलोडरवर दोन्ही नग आठवडाभर वर्गात वापरले. दर वेळी बंद केल्यावर केबल लावून पुन्हा सोडावे लागायचे, कटकट होती, पण दोष याच काळात निघाले. मग डेड नगावर आधी चढवले: त्याच्याकडे गमावण्यासारखे काही नव्हते. तीन थंड सुरुवाती, एक यूएसबीवरून कॉपी, एक पूर्ण डिस्चार्ज होऊन पुन्हा चार्ज. त्यानंतर दुसऱ्यावर. बूट भागाच्या प्रती त्या त्या नगाच्या नावाने वर्गाच्या संगणकावर आणि एका पेन ड्राइव्हवर ठेवल्या. एकाच्या नँडची प्रत दुसऱ्यावर जशीच्या तशी चढवायची नाही, खराब ब्लॉकांचे स्थान प्रत्येक चिपमध्ये वेगळे असते.

वर्गाबाहेर कोणाला हा बूटलोडर द्यायचा तर बदललेला सोर्सही द्यावा लागतो, जीपीएलची अट आहे. रॉकबॉक्सच्या गेरिटवर (बदल तपासून घेण्याच्या संकेतस्थळावर) पाठवताना बदल तीन तुकड्यांत करावे: पॅनल, डॅकची ओळख, बॅटरीचा तक्ता. एकत्र पाठवलेला गठ्ठा तपासणारा बाजूला ठेवतो.

एक दोष राहिला आहे. नव्या दोन नगांवर ९६ किलोहर्ट्झच्या फाइलीनंतर लगेच ४४.१ ची फाइल लागली की पहिला सुमारे अर्धा सेकंद गिळला जातो. डॅक नव्या घड्याळाशी जुळेपर्यंत म्यूट राहतो, आणि ते म्यूट कमी केले की ‘टक’ परत येते. तोवर वर्गाने दोन्ही दरांच्या फाइली वेगळ्या फोल्डरांत ठेवल्या आहेत.